एलांकूरच्या टेकडीवरच्या आठ फेऱ्या

पॅरिसच्या पश्चिमेला, व्हर्सायच्या पुढे एलांकूर नावाचे गाव आहे. तिथली टेकडी माणसाने घडवलेली आहे. आधी दगडाची खाण होती, मग तिच्यात आणि तिच्यावर भराव टाकला गेला, आणि होता होता समुद्रसपाटीपासून 231 मीटर उंचीचा माथा तयार झाला. पॅरिसचा सगळा परिसर इतका सपाट की तिथला सर्वांत उंच बिंदू हाच. 2024 च्या ऑलिम्पिकमधली माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत याच टेकडीवर झाली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला 231 मीटर म्हणजे काहीच वाटणार नाहीत; सिंहगड पायथ्यापासून चढायचा म्हटले तरी याच्या दुपटीहून जास्त चढ होतो. पण या शर्यतीला उंच डोंगर लागत नाही. तिला एकच टेकडी पुरते. त्याच टेकडीवर तोच चढ आणि तोच उतार पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जास्त थकलेल्या अंगाने पार करायचा असतो.

एलांकूरची एक फेरी 4.4 किलोमीटरची होती. पुरुषांना अशा आठ फेऱ्या, महिलांना सात. वाटेत छातीवर येणारे आखूड चढ, एका वेळी एकच सायकल मावेल अशा पाऊलवाटा, रचलेल्या खडकांचे पट्टे, उड्या आणि लागोपाठची वळणे. दोन्ही गटांत 36-36 स्पर्धक होते. सगळे एकदम सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकतो. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने 29 जुलैला हे सुमारे 35 किलोमीटर 1 तास 26 मिनिटे 22 सेकंदांत पार केले. हिशेब केला तर ताशी 24 किलोमीटरच्या थोडा वर वेग येतो. सपाट डांबरी रस्त्यावर सराईत माणूस हा वेग गाठतो. तोच वेग चढ, खडक आणि सुट्या खडीवर जवळपास दीड तास धरून ठेवायचा, ही या खेळाची खरी मागणी आहे.

ही शर्यत पायांच्या ताकदीची आहे असे पाहणाऱ्याला वाटते. ताकद लागतेच. पण तिथे उतरलेल्या पहिल्या दहा-पंधरा जणांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. मला या खेळाचे जे मोठे आकर्षण आहे ते वेगळे आहे. श्वास पुरत नसताना, हात बधिर होत असताना, पुढच्या दोन मीटरमध्ये चाक नेमके कुठे टाकायचे हे जो शेवटपर्यंत बरोबर ठरवत राहतो, तो इथे जिंकतो. त्या दिवशीची पिडकॉकची शर्यत हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे, कारण ती मध्येच हातातून निसटली होती.

सुरुवात सुटण्याच्या क्षणापासूनच करावी लागते. स्पर्धक ओळींत उभे केले जातात आणि कोण कुठल्या ओळीत, हे आंतरराष्ट्रीय क्रमवारीतल्या गुणांवर ठरते. सुरुवातीचा रस्ता मुद्दाम रुंद ठेवलेला असतो, पण काही शे मीटरवर तो अरुंद होतो. त्यामुळे सुटताच सगळे जिवाच्या आकांताने पायडल मारतात. 100 मीटरच्या शर्यतीसारखी ही धाव, आणि तिच्यानंतर दीड तास बाकी! हे अविचाराचे वाटते, पण त्यामागे साधे कारण आहे. अरुंद वाटेवर पुढचा घसरला किंवा उतरून चालू लागला की मागचे सगळे अडकतात. पुढचा वळणावर थोडा ब्रेक लावतो, त्याच्या मागचा जरा जास्त लावतो, आणि तिसाव्या माणसाला पाय जमिनीवर टेकावा लागतो. मग दर वळणानंतर त्याला शून्यातून वेग उभा करावा लागतो. पुढच्या माणसाने एकही जास्तीचा वॅट खर्च केलेला नसतो, मागच्याचे पाय मात्र पहिल्याच फेरीत भरून येतात. म्हणूनच टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथ्या ओळीतून सुटलेल्या पिडकॉकने सुवर्णपदक घेतले, ही गोष्ट जाणकारांना इतकी मोठी वाटली. शिवाय त्या शर्यतीच्या सुमारे दोन महिने आधी सराव करताना त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले होते.

जागतिक मालिकेत आता या पहिल्या ओळींसाठीही झुंज असते. 2018 पासून मुख्य शर्यतीच्या आधी सुमारे वीस मिनिटांची एक छोटी शर्यत घेतली जाते आणि मुख्य शर्यतीच्या पुढच्या ओळी तिच्या निकालावरून ठरतात.

आता अंगात काय चालते ते पाहू. शरीराची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहिले तर श्वासातून येणारा प्राणवायू स्नायूंना पुरतो आणि माणूस तासभर, दोन तास टिकतो. तिच्या वर गेले की स्नायू प्राणवायूची वाट न पाहता शक्ती काढतात, पण हा साठा फार थोडा असतो. गच्चीवरच्या लहान टाकीसारखा: नळ पूर्ण सोडला तर काही मिनिटांत रिकामा, आणि भरायचा तर खालच्या मोटरला वेळ द्यावा लागतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ होणारा सायकलपटू त्या मर्यादेच्या जवळ राहून एका लयीत चढतो. क्रॉस-कंट्रीत ही लय मिळतच नाही. वीस सेकंदांचा उभा चढ, मग वळण, मग दहा सेकंदांची धडपड, मग खडक, मग पुन्हा चढ. दर वेळी ती मर्यादा ओलांडावी लागते. स्पर्धकांच्या नाडीचे ठोके शर्यतभर सरासरीने कमाल ठोक्यांच्या 90 टक्क्यांच्या आसपास असतात, असे शरीरशास्त्राच्या अभ्यासांत दिसले आहे.

त्यातली सर्वांत विलक्षण बाब उतारावरची आहे. उतारावर पाय थांबतात आणि पायडलवरची शक्ती शून्यावर येते. म्हणजे विश्रांती मिळत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नाडी फारशी खाली येत नाही. सायकलस्वार सीटवर बसलेला नसतो. गुडघे आणि कोपरे वाकवून, पायडल समपातळीत धरून, अर्ध्या बैठकीत उभा असतो. मांड्या, कंबर, खांदे सगळे ताणलेले असतात. बोटे ब्रेकवर, मुठी हँडलवर आवळलेल्या, आणि प्रत्येक खडकाचा धक्का मनगटातून वर चढतो. असे ताणून धरलेले स्नायू काम करतच असतात. उतार संपला की दोनच सेकंदांत पुन्हा चढ, आणि टाकी भरलेलीच नसते. ज्याला उतारावर अंग सैल सोडता येते, सायकल खालून नाचू देता येते, त्याला प्रत्येक फेरीत थोडी जास्त विश्रांती मिळते. फेरीमागचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण सहाव्या-सातव्या फेरीत तो घड्याळात उतरतो. पिडकॉकची खरी ख्याती उतारावरचीच. 2022 च्या टूर द फ्रान्समध्ये गॅलिबिएचा घाट तो ज्या वेगाने उतरला आणि त्याच दिवशी आल्प द्युएझचा टप्पा जिंकला, ते पाहिलेल्यांना एलांकूरचे नवल वाटले नसेल.

उतारावर दुसरा प्रश्न वाट निवडण्याचा. आयोजक बऱ्याच ठिकाणी दोन वाटा ठेवतात. एक आखूड पण अवघड, खडकावरून थेट खाली टाकणारी. दुसरी लांब पण सोपी. स्पर्धक आधीच्या दिवसांत चालत आणि सराव फेऱ्या मारत एकेक दगड पाठ करतात. पण शर्यतीत तीच जागा वेगळी दिसते. समोर कुणाची तरी पाठ असते, धूळ उडत असते, खडी आदल्या फेरीतल्या चाकांनी इकडची तिकडे गेलेली असते. पाठ केलेले चित्र आणि समोरचे चित्र यांत फरक पडला तर काय होते, ते टोकियोच्या वेळी इझूच्या मार्गावर दिसले. नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डेर पूल त्या वेळच्या अव्वल सायकलपटूंपैकी एक. ‘साकुरा ड्रॉप’ नावाच्या मोठ्या खडकावरून खाली उतरायची जागा होती. तिथे फळ्यांचा उतार असेल असे धरून तो आला. सरावात तो पाहिलेला होता. शर्यतीत फळ्या काढलेल्या होत्या. ज्याला उडी मारायची हे माहीत असते तो पुढचे चाक उचलून धरतो. त्याने ते धरले नाही, चाक सरळ खाली गेले आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. पुढे त्याने शर्यत सोडली. ताकदीत तो कुणालाही हार जाणारा नव्हता.

एलांकूरचा मार्ग इझूपेक्षा वेगळा होता. तो आखला दक्षिण आफ्रिकेच्या निक फ्लोरोसने. रिओ ऑलिम्पिकचा मार्गही त्याचाच. एलांकूरला मुळांनी भरलेली रानवाट कमी आणि घट्ट जमिनीवर पसरलेली खडी जास्त होती. मार्ग फार गुळगुळीत, फार बांधीव झाला, अशी तक्रार काही स्पर्धकांनी केली. मला ती अर्धीच पटते. उन्हाळ्यात आपल्या टेकड्यांवर मुरुमाच्या वाटेने सायकल घातलेल्या कुणालाही विचारा: कडक जमिनीवरचा सुटा मुरूम मुळांपेक्षा फसवा असतो. मूळ दिसते. खडीवरचे चाक कधी सुटेल ते ते सुटेपर्यंत कळत नाही.

याचे बरेचसे उत्तर टायरमध्ये असते. या सायकलींची चाके आज 29 इंची आहेत. 2012 मध्ये लंडन ऑलिम्पिकला यारोस्लाव कुल्हावी आणि निनो शुर्टर शेवटच्या वळणापर्यंत बरोबर होते. 29 इंची चाकांवरचा कुल्हावी साडेसत्तावीस इंची चाकांवरच्या शुर्टरपेक्षा एका सेकंदाने आधी पोचला. चाकांचा वाद काही त्या एका सेकंदाने मिटला नाही, पण पुढच्या काही वर्षांत मोठे चाक सगळ्यांनी घेतले, कारण ते खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. टायर सव्वादोन-अडीच इंच रुंद, आत ट्यूब नाही, आणि हवा जेमतेम वीस पीएसआयच्या आसपास. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत याच्या तिप्पट-चौपट भरतात. कमी हवेचे टायर दगडावर दबते, त्याला बिलगते, पकड देते. कडक टायर त्याच दगडावर आदळून सायकल वर उडवते, आणि वर उडण्यात गेलेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. पण हवा फार कमी केली तर धारदार दगडावर रिम आदळते आणि टायर मध्ये चिरडले जाते. लहान भोक टायरमधला चिकट द्राव आपोआप बुजवतो. मोठी चीर बुजवत नाही. सकाळी मेकॅनिक हवा भरतो तेव्हा पकड आणि पंक्चर यांच्यामधली एक बारीक जागा निवडत असतो.

चौथ्या फेरीत पिडकॉकच्या पुढच्या चाकातली हवा गेली. त्या वेळी तो आणि फ्रान्सचा व्हिक्तोर कोरेत्स्की सगळ्यांच्या पुढे होते.

इथे नियम कळीचे ठरतात. या शर्यतीत मागे गाडी नसते, नवी सायकल मिळत नाही. मार्गावर ठरलेल्या जागी मदतीचा पट्टा असतो. पाण्याची बाटली तिथेच घ्यायची, चाक तिथेच बदलायचे. त्या पट्ट्याबाहेर बिघाड झाला तर स्वतः दुरुस्त करायचे किंवा तसेच तिथपर्यंत जायचे. पट्ट्यात शिरायचे तर कामासाठीच. पॅरिसला महिलांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या हेली बॅटनला दंड झाला तो याच कारणाने; ती काही न घेता, काही न बदलता त्या पट्ट्यातून गेली होती. दंड 500 स्विस फ्रँकचा होता, पदक राहिले.

बाहेरच्या मदतीबद्दलचा हा कडकपणा खेळाच्या जन्मातून आला आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन उतारावर शर्यत लावायला जमले. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे 400 मीटर खाली येणारी कच्ची वाट. ब्रेक उलटे पायडल मारून लागायचा. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधले ग्रीस तापून जळून जायचे आणि दर वेळी ते नव्याने भरावे लागायचे. त्यावरून त्या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’ पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी त्यातलीच. सायकल मोडली तर रानात आपणच नीट करायची, हा त्यांचा व्यवहार होता. पुढे बरीच वर्षे शर्यतीच्या नियमांतही तो तसाच होता. स्पर्धक ट्यूब आणि हत्यारे अंगावर घेऊन धावायचे. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला झाली आणि 1996 मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. तिथे पुरुषांची शर्यत सव्वादोन तासांहून जास्त चालली होती. आज ती जवळपास एक तासाने आखूड झाली आहे आणि लांब फेऱ्यांच्या जागी लहान फेऱ्या आल्या आहेत. प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्यांना ते सोयीचे. पण त्यामुळे शर्यत सोपी झाली नाही, उलट जास्त तीव्र झाली.

लहान फेऱ्यांनी आणखी एक नियम आवश्यक केला. आघाडीवाल्याच्या एका फेरीला जेवढा वेळ लागतो त्याच्या 80 टक्क्यांइतका कुणी मागे पडला, तर त्याला फेरीच्या शेवटी मार्गाबाहेर काढतात, म्हणजे अरुंद वाटेवर तो आघाडीवाल्यांना आडवा येत नाही. निकालात त्याच्या नावापुढे किती फेऱ्या कमी, तेवढेच लिहिले जाते. भारतीय स्पर्धकांच्या दृष्टीने हा नियम आणि ओळींचा नियम एकत्र वाचायला हवा. गुण नाहीत म्हणून मागची ओळ. मागची ओळ म्हणून पहिल्या फेरीतला खोळंबा. खोळंब्यामुळे 80 टक्क्यांची कात्री. आणि त्यामुळे पुन्हा गुण नाहीत. भारताचा एकही सायकलपटू अजून ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरलेला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते, हिमाचलात 2005 पासून कित्येक दिवसांची डोंगरी शर्यत भरत आली आहे, आणि पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे सायकल घेऊन चढणारी मुले-मुली दिसतात. चढणारे पाय आपल्याकडे आहेत याबद्दल मला शंका नाही. नाहीत त्या वर्षभर खुल्या असलेल्या, खडक रचलेल्या, उड्या बांधलेल्या कायमच्या फेऱ्या. उतरण्याचे कसब जिममध्ये येत नाही. तोच खडक शेकडो वेळा उतरावा लागतो. एलांकूरने दाखवले आहे की त्यासाठी भरावाची टेकडीही चालते.

आता चौथ्या फेरीकडे. पिडकॉक बसलेल्या चाकावर मदतीच्या पट्ट्यापर्यंत आला. चाक बदलून बाहेर पडला तेव्हा तो नववा होता आणि कोरेत्स्कीपासून जवळपास 40 सेकंद मागे. चार फेऱ्यांहून थोडे जास्त अंतर उरले होते. अशा वेळी नवखा माणूस सगळे अंतर एकाच चढावर भरून काढायला जातो, टाकी रिकामी करतो आणि पुढच्या फेरीत आणखी मागे पडतो. पिडकॉकने अंतर फेऱ्यांवर वाटून घेतले. चढावर पुढच्याला गाठायचे, अरुंद वाटेआधी मागे टाकायचे, उतारावर सावरायचे. एकेक करत तो वर सरकला. मला सर्वांत थरारक या फेऱ्या वाटतात. त्यांत काही घडल्यासारखे दिसत नाही, फक्त फेरीच्या शेवटी आकडा कमी झालेला असतो.

शेवटच्या फेरीत तो आणि कोरेत्स्की बरोबर होते. कोरेत्स्की घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि पुढे. आदल्याच दिवशी त्याच टेकडीवर फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होने महिलांचे सुवर्ण जिंकले होते, तेही जवळपास तीन मिनिटांच्या फरकाने. कुंपणाला खेटून उभ्या असलेल्या गर्दीला दुसरे सुवर्ण दिसत होते. झाडीत एके ठिकाणी एका झाडाने वाट दोन भागांत फुटत होती. कोरेत्स्कीने एक बाजू धरली. पिडकॉक त्याच्या मागून न जाता झाडाच्या दुसऱ्या बाजूने घुसला. वाटा पुन्हा जुळल्या तिथे दोघे एकमेकांना घासले, कोरेत्स्कीची लय तुटली, पिडकॉक पुढे निघाला आणि नऊ सेकंदांनी जिंकला. दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदरली आणखी दोन सेकंदांनी तिसरा आला.

प्रेक्षकांतल्या काहींनी विजेत्याची हुर्यो उडवली. पंचांनी त्या घासण्यात काही वावगे मानले नाही, आणि मलाही तो न्याय बरोबर वाटतो. वाट दोघांना खुली होती, दोघांनी ती सरावात पाहिली होती. उरलेल्या शंभरेक सेकंदांत अरुंद वाटेवर कोण पुढे, यावर सुवर्ण ठरणार हे दोघांनाही माहीत होते. कोरेत्स्कीने दार उघडे ठेवले होते असेही म्हणता येणार नाही. एकट्याने दोन्ही बाजू अडवता येत नाहीत. जागा दिसल्यावर थांबायचे की शिरायचे, याचा निर्णय अर्ध्या सेकंदाचा होता आणि तो 85 मिनिटे धाप लागलेल्या माणसाने घेतला.

पाचच आठवड्यांनी अंडोरातल्या पाल-आरिन्साल इथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पदकांवर तेच तिघे होते, क्रम मात्र बदललेला: हॅदरली पहिला, कोरेत्स्की पुन्हा दुसरा, पिडकॉक तिसरा.